सिंधू सिस्टरचं सलाईन

बारामती आन् इंदापूर, दोन्ही तालुक्यांत पाण्याच्या कामात माझा हात धरणारा माणूस सापडायचा न्हाय. आता ज्या-ज्या घरात मी पाण्याचं काम केलंय, त्या-त्या घरात शेवटाला माझ्या हातात फरशी पुसायचं फडकं दिलेलं हाय, ती गोष्ट येगळी.

सिंधू सिस्टरनी मात्र पहिल्याच दिवशी हात धरला. खराच धरला. बारामतीत त्यांच्या घरामागं चार झाडं व्हती, त्यांना ठिबक करायचं म्हणून मला बोलावलेलं. फाटक उघडलं, तर एक उंच, वाळकी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई पुढं आली. नमस्कार न्हाय, काय न्हाय, माझं मनगट धरलं आन् दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघाय लागली. मला वाटलं बाईला चक्कर आली. मी त्यांचा दंड धरला.

“सोड,” त्या म्हणाल्या. “मी धरलंय तुला. तू मला नको धरू. बोल, किती वर्षं झाली ह्या कामात?”

“धा-बारा.”

त्यांनी घड्याळ बघितलं. “खरं सांग.”

“पाच.”

“हां. आता ये आत.”

ही त्यांची खोडच व्हती. जल्मभर इंदापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, रिटायर झाल्या, दवाखाना सुटला पण नाडी सुटली न्हाय. भाजीवालीची नाडी धरून त्या भाव करायच्या. एकदा मत मागायला उमेदवार आला, त्याचं बी मनगट धरलं. जरा येळानं म्हणाल्या, “तुमी निवडून येणार हाय असं तुमालाच वाटंना, मी मत देऊन काय करू?” ते हात सोडवून पुढच्या घरी गेलं. मी इचारलं, सिस्टर, नाडीतनं एवढं कळतं व्हय? तर म्हणाल्या, “माणसाचं तोंड बोलतंय ते निम्मं. उरलेलं हितं असतंय.” आन् माझ्या मनगटावर टिचकी मारली.

माझी शाळा चौथीत सुटली. खरं तर शाळेनंच मला सोडलं. त्यामुळं कुणी हात धरून बोलाय लागलं की मला अजून वाटतं, आता उलटा करून छडी बसणार.

तर ठिबक जोडलं, पैल्या दिवशीचा चिखल झाला, फरशी पुसली. पुसता पुसता हॉलमधी नजर गेली. भिंतीला बसक्या टेबलावर काचंची टाकी. आत निळा उजेड, दगडं, आन् दगडावर एक फुलावानी जीव, बोटं-बोटं असलेला, वाऱ्यात हलावा तसा हलणारा. त्या बोटांत दोन मासे, केशरी अंगावर पांढरे पट्टे. आन् एक लाल-पांढरी कोळंबी, मिशा हलवत माशांच्या अंगावरची घाण येचत बसलेली.

“मोठी ती मेट्रन,” सिस्टरनी वळख करून दिली. “बारका तिच्या मागं-मागं फिरतो तो डॉक्टर. आन् ती कोळंबी आयाबाई. सगळी कामं तीच करती.”

“मेट्रन मोठी आन् डॉक्टर बारका?”

“ह्या माशांत मोठी असती ती बाई. दवाखान्यात पण तसंच असतंय, फक्त बोर्डावर उलटं लिवत्यात.”

ही टाकी त्यांच्या लेकीची, माधवीताईची. ती पुण्याला कंपनीत. करोनात घरनं काम करायला आईकडं आली तवा हौसंनं हे समुद्राचं मासे आणलं. करोना सरला, ताई पुण्याला गेली, मासे हितंच. सिस्टर म्हणायच्या, “पेशंट अ‍ॅडमिट केला आन् नातेवाईक पळाले.” पण तक्रार म्हणून न्हाय. सकाळी त्या खोलीत आल्या की मेट्रन काचंला तोंड लावून उभी ऱ्हायची. सिस्टर टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, “अख्खा वॉर्ड दिवसभर सिस्टर-सिस्टर करायचा, जीव नको व्हायचा. आता दिवस मावळंपातूर मला हाक मारणारं कोण हाय सांग. ही एक मेट्रन वाट बघती.”

मला गंमत मिठाची वाटली. आमच्याकडं मीठ म्हंजे वैरी. रानाला पाणी लई झालं की जमीन फुटती, पांढरी पडती, ऊस गुडघ्याच्या वर येत न्हाय. आन् ही बाई मिठाची पिशवी इकत आणून गोड्या पाण्यात कालवती. मी म्हणलं, “सिस्टर, पैसं कशाला घालवता? माझ्या मेव्हण्याची हीर हाय कळसला. असं खारट पाणी की म्हस तोंड लावत न्हाय. पिकअप भरून आणतो.”

त्यांनी मनगट धरलं. “दत्तू, तुला जुलाब झाले आन् मी गटारीचं पाणी सलाईन म्हणून लावलं तर चालंल का?”

“न्हाय.”

“मग गप बस. खारं-खारं सगळं एक नसतंय.”

ह्या टाकीचं एक दुखणं व्हतं. मासे त्याच पाण्यात खात्यात आन् त्याच पाण्यात घाण करत्यात. म्हणून दर रविवारी थोडं पाणी काढायचं आन् तेवढंच नवं, मीठ कालवलेलं, घालायचं. सिस्टर ते बादल्यांनी करायच्या. स्वयंपाकघरातनं भरली बादली हॉलमधी, हॉलमधली भरली बादली मोरीत. मी ठिबक जोडून गेल्यावर काय दिवसांनी त्या अशाच बादली घेऊन निघाल्या, सांडलेल्या पाण्यावर पाय सरकला आन् कमरंवर आपटल्या. मणक्याला मार बसला. डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं न्हाय, तांब्याच्या वर कायपण न्हाय.

मग मला फोन आला. गेलो तर खुर्चीत बसलेल्या, कमरंला पट्टा, मांडीवर फोन. फोनचा आवाज मोठा केलेला. तिकडनं माधवीताई बोलत व्हती.

“आई, मी पुढच्या रविवारी येते. गाडीत टब घेऊन येते. मासे पुण्यातल्या दुकानात देऊ, ते नीट सांभाळतील.”

“डॉक्टर मला म्हणला बादली उचलू नको. पाणी बदलू नको असं न्हाय म्हणला.”

“बादलीशिवाय कसं बदलणार तू?”

सिस्टर माझ्याकडं बघत बोलल्या, “माणूस बोलावलाय.”

मग ताई म्हणाली, “ठीक आहे. रविवारी माझ्या समोर करून दाखव. तू बादलीला हात लावायचा नाहीस आणि फरशीवर पाणी दिसता कामा नये. यातलं एक जरी झालं तर मासे त्याच दिवशी माझ्याबरोबर पुण्याला. तू परत पडलीस तर मला रजा मिळेल, दुसरी आई नाही मिळणार.”

फोन बंद झाला. सिस्टर म्हणाल्या, “फोनवर नाडी बघता येत न्हाय. पण पोरगी खरं बोलती.” मग माझं मनगट धरलं. “तुला जमंल का?”

“सोप्पं हाय,” मी म्हणलं.

त्यांनी घड्याळसुद्धा बघितलं न्हाय. हात नुसता सोडून दिला.

पैल्यांदा पाणी काढायचं काम. मी नळी घेतली, एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. डिझेल काढायची सवय. डिझेलची चव बरी म्हणायची. ठसका लागला, नळी सुटली, पाणी हॉलभर. फडकं. दुसऱ्यांदा नीट वढ लागली, नळीचं टोक खिडकीतनं भाईर सोडलं, आन् मी ऐटीत उभा ऱ्हायलो. पाणी चाललंय चाललंय. मेट्रनची पाठ उघडी पडायला आली तवा सिस्टरनी खुर्चीतनंच वाकून नळी चिमटीत दाबली.

“रक्त काढताना बाटली भरली की थांबतं,” त्या म्हणाल्या. “तुझं कशानं थांबतं?”

“मी थांबवलं की.”

“तू थांबत न्हाईस.”

त्यांनी वाळत घातलेल्या कापडाचा चिमटा मागितला. नळीचं तोंड पाण्यात जरासंच बुडंल असं धरून, तितंच टाकीच्या काठाला चिमट्यानं आवळलं. पाणी त्या तोंडापातूर उतरलं, नळीनं हवा वढली, घुर्र केलं आन् आपोआप थांबलं. मी चिमट्याकडं बघत बसलो. पाच वर्षं मी पाण्याच्या कामात, आन् हे मला कपड्याच्या चिमट्यानं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर सिस्टर मागच्या दारात उभ्या. कढीपत्त्यानं माना टाकलेल्या. मी खिडकीतनं नळी सोडली ती थेट त्याच्या बुडात. ज्या तालुक्यात मिठानं रानंच्या रानं गेली, तितला मी माणूस, आन् मीच मिठाचं पाणी झाडाला पाजलं. सिस्टर म्हणाल्या, “ह्याला मी सांगत व्हते, दत्तू आलाय तर जरा जपून ऱ्हा.” मग मी पायपाची लाईन मोरीत काढली.

त्या दिवसापुरती मी कालवलेल्या पाण्यानं तांब्यातांब्यानं टाकी भरली, पण रविवारी भरायचं कसं? मी म्हणलं, मोटर लावू, भसकन भरंल. तर सिस्टर कपाटाकडं गेल्या आन् सलाईनची नळी काढली, मधी थेंब पडायची कुपी, खाली बारकं चाक असलेली, कोरी, पिशवीतली.

“नवं पाणी अंगावर एकदम पडलं की ह्यांना झटका बसतो,” त्या म्हणाल्या. “थेंबाथेंबानं घालायचं.”

“सिस्टर, सकाळी लावलं तर जेवणं होऊन जातील भरायला.”

“होऊ दे. माझ्याकडं दिवस हाय. तुझ्याकडं न्हाय, म्हणून तर तू सारखा सांडतोस.”

मग आमचं यंत्र असं ठरलं. ओट्यावर लोखंडी घोडी, घोडीवर ड्रम. पाण्याच्या फिल्टरची नळी सरळ ड्रमात, म्हंजे भरायला उचलायचं काय न्हाय. सिस्टर उभ्या-उभ्या वाटीनं मीठ टाकणार, आत बारका पंप ते ढवळणार, रातभर. ड्रमाच्या बुडाला मी ठिबकचं रबर बसवलं, त्यात सलाईनची सुई टोचली. नळी भिंतीकडंनं हॉलमधी, टाकीत. ड्रमात पाणी तेवढंच घ्यायचं जेवढं टाकीतनं काढायचं. ड्रम रिकामा झाला की समजायचं टाकी भरली. सिस्टर म्हणाल्या, “आता तू झोपला तरी चालंल. झोपलास तर लईच बरं.”

ऱ्हायला ड्रम. सिस्टर म्हणत व्हत्या दुकानातनं नवा आण. मी म्हणलं, ते माझ्यावर सोडा.

तेवढं त्यांनी माझ्यावर सोडलं.

शनवारी ड्रम भरला, मीठ कालवलं, पंप लावला. रविवारी सकाळी चिमट्यापातूर पाणी काढलं, मोरीत गेलं, फरशीवर थेंब न्हाय. सिस्टरनी चाक फिरवलं. टप, टप, टप. मी हात मागं बांधून उभा. माधवीताई दुपारच्या आत येणार व्हती. मी मनात तिच्याशी बोलून बी घेतलं, ती काय म्हणंल, मी लाजून काय म्हणंन.

सिस्टर टाकीकडं बघत व्हत्या. मग त्या पुढं झुकल्या.

आयाबाई दगडावरनं सुटली. वर पळाली, काचंवर आपटली, उलटी फिरली, परत आपटली. मग वाळूवर एका कुशीवर पडली, पाय तेवढे हलत व्हते. फुलावानी त्या जीवानं बोटं आत वढून घ्यायला सुरवात केली.

सिस्टरनी चाक बंद केलं. एका बोटानं, आवाज न करता.

“दत्तू, हात दे.”

मी दिला.

“ड्रम कुठनं आणला?”

“दुकानातनं.”

घड्याळाचा काटा मला ऐकू यायला लागला.

“कुठल्या दुकानातनं?”

“मेव्हण्याच्या.”

“मेव्हण्याचं दुकान हाय?”

“बाग हाय. डाळिंबाची. कळसला. पण सिस्टर, राखंनं घासलाय, तीनदा, आतनं-भाईरनं. वास घेऊन बघितला.”

“ड्रमात काय कालवत व्हता तो?”

मी मान वळवून ओट्याकडं बघितलं. ड्रमाच्या गळ्याला, झाकणाचे आटे असत्यात तितं आतल्या अंगाला, निळी रेघ. बारीक, नखाएवढी जाड. आमच्याकडं ती निळाई लहान पोराला बी कळती. मोरचूद. मोरचूद आन् चुना कालवून डाळिंबावर मारत्यात, रोग येऊ नये म्हणून. मेव्हण्याची बोटं हंगामभर तशी निळी असत्यात.

“मोरचूद,” मी म्हणलं.

सिस्टरनी हात सोडला. “म्हंजे तांबं. माशांना एखाद्या येळेस चालून जातं. कोळंबीला थेंब चालत न्हाय. त्या फुलाला बी न्हाय.”

मी खाली बसलो. त्या न्हाय बसल्या. त्या उठल्या. त्यांची एक सवय व्हती दवाखान्यातली, एक बाटली कायम राखीव. दर आठवड्याला कालवलेल्या चांगल्या पाण्यातनं एक कॅन भरून त्या ओट्याखाली ठेवायच्या. म्हणायच्या, “साहेब विसरतो, पुरवठा विसरतो, सिस्टरनी विसरायचं नसतंय.” आता त्या कॅनकडं निघाल्या, कमरंला पट्टा तसाच, एक हात भिंतीला. कॅन म्हंजे भरल्या बादलीच्या वरचं वजन. त्यांनी वाकून मुठीला हात घातला.

तेवढ्यात भाईर गाडी थांबली. फाटक वाजलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मूठ सोडली न्हवती. मला ते तोंड अजून दिसतं. त्यांना बी माहीत व्हतं, उचललं तर लेकीसमोर टाकी गेली, न उचललं तर आत जीव जातोय.

मी उठून पळालो. त्यांच्या हाताखालनं कॅन वढला, छातीशी धरला आन् हॉलकडं सुटलो. पाय मोरीच्या पायपात अडकला. पायीप सुटला, त्यातलं उरलेलं पाणी फरशीवर, त्या पाण्यावर माझा दुसरा पाय. मी पाठीवर पडलो. कॅन छातीवर उभाच्या उभा, झाकण गच्च. थेंब सांडला न्हाय त्यातला. माझ्या आयुष्यात मी एवढी एक गोष्ट न सांडता धरली हाय.

दारात माधवीताई उभी, हातात एकात एक घातलेले टब.

“आई,” ती वराडली. “कोण पडलं?”

“मी हाय की खुर्चीत,” सिस्टर म्हणाल्या. कधी जाऊन बसल्या देव जाणे. “पडलाय तो.”

“आणि ही फरशी?”

“ती त्याची हाय. तो पुसंल.”

ताईनं टाकीकडं बघितलं, आयाबाईकडं बघितलं, आन् टब खाली ठेवले. काय झालं ते सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं. माझं नाव घेतलं न्हाय, ‘ड्रम खराब निघाला’ एवढंच. मी म्हणलं, “ताई, ड्रम चांगला व्हता. मी खराब निघालो.” ती माझ्याकडं बघून म्हणाली, “ते दिसतंय.”

मग काम. सिस्टर खुर्चीतनं बोलायच्या, आमी दोघं हलायचो. चिमटा खाली सरकवा, अजून पाणी काढा. टाकीच्या फिल्टरमधी कोळशाची नवी पिशवी टाका. ड्रम भाईर काढ, घराच्या भाईर, फाटकाच्या भाईर. कॅन घोडीवर चढव. नवी सलाईनची नळी लाव, जुनीला हात लावू नको. मी चाकाला हात घातला, “सिस्टर, जोरात सोडू का? मरंल ती.”

“एक घाई करून झाली ना सकाळपासनं?” त्या म्हणाल्या. “सकाळी मोटरनं भरलं असतं तर सगळी मेली असती. थेंबानं घातलं म्हणून तांब्याभर इख गेलं. चाक मला दे.”

टप. टप. टप.

दुपार झाली. कुणी जेवलं न्हाय. मेट्रन आन् डॉक्टर एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. फुलाचा नुसता गोळा झालेला. आयाबाई कवातरी सरपटत दगडाच्या मागं गेली व्हती, दिसत न्हवती. माधवीताई टाकीसमोर बसलेली. टब तिच्या पायाशी. तिनं एकदाच इचारलं, “आई, समज ती मेली. मग?”

“मेली तर मेली. वॉर्ड बंद होत न्हाय.”

आवाज नेहमीचाच. पण मी खाली बसून फरशी पुसत व्हतो, म्हणून मला दिसलं. सिस्टरनी पदराखाली एका हातानं आपलंच मनगट धरलं व्हतं. आयुष्यात पैल्यांदा मी त्यांना स्वतःची नाडी बघताना बघितलं. घड्याळाकडं नजर न्हवती. मी मान खाली घातली आन् पुसलेली फरशी परत पुसली.

उन्हं तिरपी झाली तवा मला वाळूवर दिसलं. लाल-पांढरं, मिशासकट, पाय वर, हलंना. मी डोक्यावरची टोपी काढली.

“सिस्टर,” मी म्हणलं, “आयाबाई गेली.”

ताई उठली. सिस्टर खुर्चीतनं वाकल्या, नाक काचंला लागंपातूर. बराच येळ बघितलं.

“टोपी घाल,” त्या म्हणाल्या. “कात हाय ती. कपडे बदललेत तिनं.”

मी हात घालून ते काढलं. पोकळ, कागदावानी, आतनं रिकामं. तेवढ्यात दगडामागनं दोन पांढऱ्या मिशा भाईर आल्या. मग तोंड. मग ती सगळी, पातळ, फिक्कट, पाय लटपटणारे. दगडाला धरून उभी ऱ्हायली. मेट्रन कोपऱ्यातनं आली आन् तिच्यासमोर आडवी झाली, अंग साफ करून घ्यायला. सिस्टर म्हणाल्या, “बघा. आयाबाईला शुद्ध आली न्हाय तवर मेट्रनला काम आठवलं.”

आन् मग त्या हसल्या न्हाईत, रडल्या न्हाईत, मनगटावरचा हात काढला आन् म्हणाल्या, “दत्तू, चहा टाक. न सांडता.”

माधवीताईनं टब उचलले. दारापातूर गेली, परत आली. “आई, एवढं सगळं झालं, तू बादलीला हात लावला नाहीस.”

“लावला व्हता,” सिस्टर म्हणाल्या. “ह्यानं उचलू दिलं न्हाय. मधी पडला.”

ताईनं टब परत खाली ठेवले. मग म्हणाली, “टाकी राहू दे. पण ड्रम मी पुण्याहून पाठवते. ह्यांना ड्रम आणू देऊ नकोस.”

“टब हितंच ठिव,” सिस्टर म्हणाल्या. “पापडाचं पीठ भिजवायला होतील.”

त्यानंतर मी दर रविवारी जायचो. माझी गरज न्हवती. नवा ड्रम आला, चिमटा जागेवर, चाक जागेवर, सिस्टर खुर्चीत बसून समदं करायच्या. मी जायचो आन् त्या मला नाडी धरून आठवड्याचा हिशेब इचारायच्या. बायकोशी भांडलास का. दारू पिलास का. मी न्हाय म्हणायचो, त्या म्हणायच्या “किती?” एकदा मी म्हणलं, सिस्टर, तुमी हात न धरता इचारा की एकदा, माणसावर इश्वास म्हणून. तर म्हणाल्या, “इश्वास हाय म्हणून तर धरते. परक्याची नाडी मी बघत न्हाय.” मी म्हणलं, आन् तो उमेदवार? “तो अंथुर्ण्याचा. माझ्या माहेरचा.”

त्यांच्याकडनं मी एक गोष्ट शिकलो म्हणून सांगत असतो, सावकाश करायची. बायको म्हणती, शिकला न्हाय, म्हातारा झालाय.

टाकी आता माझ्या घरी हाय, काटेवाडीला. माधवीताईनं दिली. रविवारी मी पाणी बदलायला बसतो, ती पुण्यातनं फोनवर बघती. मी बोलाय लागलो की म्हणती, दत्तूभाऊ, तुमचं तोंड नको, मेट्रन दाखवा.

सिस्टरची छाती दुखायला लागली आन् त्यांना बारामतीतल्या एका दवाखान्यात ठेवलं, तवा ताई तितंच व्हती. मला निरोप आला, सिस्टर बोलावत्यात. रविवार व्हता. मी त्यांच्या घरी जाऊन पाणी बदललं, सगळं जिथल्या तितं बघितलं, आन् तसाच गाडीवर दवाखान्यात गेलो. सिस्टर कॉटवर, डोळे मिटलेले, हाताला सलाईन. मी सवयीनं कुपीकडं बघितलं. तितल्या पोरसवदा नर्सला म्हणलं, जरा जलद चाललंय, चाक थोडं आवळा. ती म्हणाली, काका, तुम्ही कोण? मी म्हणलं, फिटर. तिनं मला स्टुलावर बसवलं.

सिस्टरनी डोळे उघडले. “पाणी?”

“झालं सिस्टर,” मी म्हणलं. माझं त्यांच्याशी हे शेवटचं बोलणं व्हणार हे ठावं असतं तर मी जरा कमी बोललो असतो. “चिमट्यापातूर काढलं, थेंबानं सोडलं. फूल उमललंय. मेट्रन खाती, डॉक्टर मागं-मागं हाय, आयाबाई दगडावर. सगळं तुमच्यावानी केलंय. तुमी सोत्ता असता तर बोट ठेवायला जागा मिळाली नसती, असं काम झालंय.”

त्यांनी सुई नसलेला हात पुढं केला. मी माझा दिला. हातात घड्याळ न्हवतं, ताईनं काढून ठेवलेलं. डोळे परत मिटले, ओठ तेवढे हलत व्हते. मी दम धरून बसलो.

“फरशी पुसली न्हाईस,” त्या म्हणाल्या.